तांबे बाईंचं ‘त्याआधी?’

सुनील जाधव हा आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी. गेल्या महिन्यात तो सकाळीच माझ्याकडे रत्नागिरीला आला. हातात भाजलेल्या काजूची पिशवी होती. काजू बघितल्यावर मी ओळखलं की काम अवघड असणार. त्यांच्या नव्या वसाहतीच्या तोंडाशी जांभ्या दगडाची कमान बांधायची ठरलीय आणि कमानीवर त्याच्या आतेच्या, म्हणजे आमच्या तांबे बाईंच्या नावाची पाटी लावायचीय. मजकूर मी लिहून द्यायचा. ‘सर, तुम्ही मराठीचे. ही वसाहत तांबे बाईंनी वसवली, असं कायतरी लिहा. पण जरा भारदस्त.’

मी म्हटलं, एवढंच ना? चहा होईपर्यंत देतो. चहा झाला, पोहे झाले, सुनील हातखंब्याची गाडी पकडून निघूनही गेला आणि माझा कागद कोराच राहिला. आयुष्यभर निरोपसमारंभांची मानपत्रं लिहून हात झिजवलेला माणूस मी, आणि मला एक ओळ सुचेना. खरं सांगायचं तर सुचत होती. ‘वसवली’पर्यंत आलो की पाठीमागून बाईंचा आवाज यायचा. मान डावीकडे कललेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोच एक प्रश्न. ‘त्याआधी?’

राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका हायस्कुलात आम्ही बरीच वर्षं एकत्र काढली. मी मराठी शिकवायचो, बाई इतिहास-भूगोल. बाई ठेंगण्या, चालायला चपळ. साडी कायम सुती आणि कडक खळीची. छत्री बारमाही. उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसात पावसासाठी आणि हिवाळ्यात कुत्र्यांसाठी, असा त्यांचा हिशेब होता. त्यांना वर्गात आवाज चढवताना मी कधी ऐकलं नाही. मुलं गोंगाट करायला लागली की त्या बोलायच्या थांबत आणि खिडकीतून बाहेर खाडीकडे बघत राहात. बाहेर काय आहे ते बघायला मुलंही गप्प व्हायची.

नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग बाई माहेरी परतल्या आणि डोंगराच्या उतारावरच्या बौद्धवाडीत भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिल्या. तिथून रोज उतरून शाळेत यायच्या. यातलं काहीही त्यांनी मला सांगितलं नव्हतं, हे मला गावाने सांगितलं. स्वतःबद्दल विचारलं की त्या एका वाक्यात उत्तर देत आणि लगेच तुमच्याबद्दल विचारत. तुम्ही उत्तर दिलंत की पुढचा प्रश्न ठरलेला असे. तुम्ही या गावात कधी आलात? त्याआधी? वडील कुठले? त्याआधी? आपण कुठून तरी आलेलो आहोत हे मला या बाईंच्या तावडीत सापडेपर्यंत नीटसं ठाऊक नव्हतं. मी स्वतःला इथलाच समजत होतो.

शिक्षक खोलीत या ‘त्याआधी’ची चेष्टा व्हायची. शिपाई बापू चहा घेऊन आला की दारातूनच सांगायचा, ‘चहा आणलाय बाई. त्याआदी दूध व्हता, त्याआदी म्हस व्हती.’ बाई हसायच्या. एवढ्याशा देहातून एवढं मोठं हसू कसं येतं याचं नवीन शिक्षकांना नवल वाटे.

हा प्रश्न त्यांना कधीपासून लागला ते मला माहीत नाही. पण त्याचं घर कुठे होतं ते माहीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात दरवर्षी एक धडा यायचा. दर्यावर्दी लोक गलबतं घेऊन निघतात, त्यांना नवी भूमी सापडते आणि ते तिथे वसाहती स्थापन करतात. बाकीचे शिक्षक हा धडा दोन तासांत उरकत. बाई पहिल्याच परिच्छेदावर पुस्तक मिटत आणि विचारत, ‘नवी भूमी. कोणाला नवी?’ मग वर्ग खाडीकडे बघायला लागे.

एका वर्षी त्यांनी मुलांना घरचा अभ्यास दिला. आपली वाडी कोणी वसवली ते घरी विचारून यायचं, आणि त्याआधी तिथे कोण होतं तेही. आता कोकणात हा प्रश्न विचारणं म्हणजे दारू ठेवलेल्या कोठारात काडी ओढणं. पालखी आधी कोणाच्या दारात, नारळ कोणाच्या हातून, हे सगळे मान पहिल्यांदा कोण आला त्यावर ठरलेले. कज्जे चाललेत त्यावरून. मुलं दुसऱ्या दिवशी भरभरून गोष्टी घेऊन आली. कोणाचे चार भाऊ घाटावरून देव टोपलीत घेऊन उतरले होते, कोणाच्या मूळपुरुषाला स्वप्नात दृष्टान्त झाला होता, कोणाची गाय एका दगडावर पान्हा सोडत होती. आणि सगळ्या गोष्टींत एक वाक्य समान होतं. तेव्हा इथे नुसतं रान होतं, माणूस नव्हता.

मी शेजारच्या वर्गात व्याकरण शिकवत होतो. मधली भिंत म्हणजे फळ्या ठोकलेली, त्यामुळे बाईंचा तास मला फुकट ऐकू यायचा. बाईंनी सगळ्या गोष्टी ऐकल्या आणि मग म्हणाल्या, आता एक गंमत शोधू या. प्रत्येक गोष्टीत तुमचे पूर्वज नदीपर्यंत येतात, हो ना? आणि नदी कुठून ओलांडायची ते त्यांना कळत नाही. मग काय होतं? मुलं एकामागून एक बोलायला लागली. एक माणूस भेटतो बाई. एक म्हातारा भेटतो. एक गुराखी असतो, तो उतार दाखवतो. एक बाई पाणी देते.

‘माणूस नव्हता म्हणालात ना मघाशी?’ बाई म्हणाल्या. ‘मग हा कोण? ह्याचं नाव कोणाला ठाऊक आहे?’

कोणालाच नव्हतं. मलाही नव्हतं, आणि आमच्या घराण्याच्या गोष्टीतही असा एक वाटाड्या होता हे मला व्याकरणाच्या तासाला उभ्या उभ्या आठवलं.

दोन दिवसांनी गावातले एक मोठे बागायतदार शाळेत आले. त्यांच्या पूर्वजांकडे गावची खोती होती आणि ती त्यांच्या चालण्यात अजून शिल्लक होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत न जाता थेट शिक्षक खोलीत आले आणि म्हणाले, आमच्या नातवाला तुम्ही काय शिकवताय? आमच्या घराण्याने हा गाव वसवला, त्यात विचारायचं काय आहे? आम्ही सगळे वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, बापूला चहा सांगितला आणि म्हणाल्या, मुलाला गोष्ट नीट सांगता आली नाही, तुम्हीच सांगा पहिल्यापासून.

म्हातारे खुलले. त्यांच्या सांगण्यात रंग होता, हे कबूल केलं पाहिजे. घाट उतरून येणारं कुटुंब, डोक्यावर देव, मागे लागलेले कोणी शिपाई, पुढे भरलेली नदी. ‘आणि तिथे काठावर बसला होता तुमच्यातला एक...’ असं म्हणून ते थांबले. चहाचा कप अर्ध्यावर राहिला. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘तो बसला होता. मग पुढे?’

म्हाताऱ्यांनी पुढे काही सांगितलं नाही. चहा संपवला, उठले, नमस्कार केला. त्या मोसमात त्यांच्याकडून बाईंकडे एक फणस आला. बरका होता, लिबलिबीत गऱ्यांचा. बाईंनी तो शिक्षक खोलीत फोडला आणि मला म्हणाल्या, गोष्ट अर्धी राहिली म्हणून पाठवला असेल.

मी एकदा त्यांना शब्दकोश काढून दाखवला. मला वाटत होतं, बाईंना ‘वसाहत’ या शब्दाचाच राग आहे. मी म्हटलं, बाई, शब्द बिचारा सोज्वळ आहे. वस्ती, वसणं, निवास, सगळी एकाच घरातली मंडळी. पक्ष्यांची वसाहत म्हणतो आपण, पोलिसांची म्हणतो, कारखान्यांची म्हणतो. त्यांनी कोश उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, ‘शब्द चांगलाच आहे हो. माझा राग नाही. माणसं तो वापरताना गोष्ट मधूनच सुरू करतात, एवढंच.’

निवृत्तीनंतर त्यांचा हा छंद आणखी वाढला. कामानिमित्त रत्नागिरीला आल्या की आमच्याकडे जेवायला यायच्या आणि येताना गाडीतून दिसलेल्या पाट्या सांगायच्या. अमुक शिक्षक वसाहत, तमुक गृहनिर्माण वसाहत. एकदा महामार्गालगतच्या एका नव्या वसाहतीच्या फाटकाशी त्या उतरल्याच. पाटीवर आमराईचं नाव होतं आणि आत औषधाला झाड नव्हतं. त्यांनी राखणदाराला विचारलं, इथे आधी काय होतं? तो म्हणाला, आंबे होते. बाई म्हणाल्या, त्याआधी? त्याने बराच विचार केला आणि सांगितलं, ‘त्याआधी मी नेपाळमध्ये होतो.’ हे सांगताना बाईंना इतकं हसू आलं की जेवण थांबवावं लागलं. पण मग त्या त्याच्या गावाचं नाव, तिथली भातशेती, त्याची कलमांच्या बागेत राखण करायची पहिली नोकरी, असं सगळंच सांगत बसल्या. त्याच फाटकावर त्यांची पुढची गाडी चुकली होती.

मी घर बांधायला काढलं तेव्हाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे नव्या जागेत कुदळ मारण्याआधी जागेवाल्याला राखण देतात. जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा अदृश्य धनी. त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, बाबा, आम्ही तुझ्या जागेत येतोय, सांभाळून घे. मी बाईंना बोलावलं होतं, पण मनात धाकधूक होती. त्या बौद्ध. त्यांच्या घरी देवधर्म, भूतखेत काही नाही. बाई आल्या, कडेला छत्री घेऊन उभ्या राहिल्या, गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकलं.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘नारळाचं तुमचं तुम्ही बघा. पण विचारून आत यायची ही पद्धत मला आवडली. फक्त तुम्ही ज्याला विचारता तो उत्तर देत नाही. ज्याला तोंड आहे त्यालाही विचारा की.’

आणि त्या कुंपणापलीकडे शेणी थापत बसलेल्या म्हातारीकडे गेल्याच. अर्ध्या तासाने परत आल्या. माझ्या जागेच्या पूर्वेकडच्या कडेने वाडीतल्या बायका विहिरीवर जातात, पिढ्यान्‌पिढ्या जातात, आणि मी तिथे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालणार म्हणून त्यांच्यात आठवडाभर चर्चा चालली आहे, अशी बातमी आणली. माझ्याशी कोणी काही बोललं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं. गडगा हातभर आत घेतला. ती म्हातारी पुढे आम्हाला अळूची पानं द्यायची.

आता मुख्य गोष्ट.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता बाईंच्या वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग पडली. आधी बोट जाईल एवढी होती, मग पाय जाईल एवढी झाली. अधिकारी आले, बघून गेले आणि सांगून गेले की पुढचा पावसाळा इथे काढू नका. वाडीला वर सड्यावर जागा मिळाली. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात काळंकुट्ट कातळ, झाड ना पान. मोजणीवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारून भूखंड आखले. वाडीची समिती झाली आणि सगळ्यांनी बाईंना अध्यक्ष केलं. अर्ज-विनंत्या करायच्या तर शिकलेलं माणूस हवं, आणि खरं म्हणजे बाईंना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

मला त्यांनी सभेचं टिपण घ्यायला बोलावलं होतं. म्हणून त्या सभेत काय झालं ते मी कानांनी ऐकलं. सगळं सुरळीत चाललं होतं. सिमेंट कधी, पाण्याची टाकी कुठे, विहार कुठल्या कोपऱ्यात. आणि बाई म्हणाल्या, कामाला सुरुवात करण्याआधी मला वर जाऊन विचारून यायचं आहे.

सुनील तेव्हा तिशीतला. मुंबईची नोकरी सोडून घरं बांधायला आलेला. तो चिडला. म्हणाला, आते, कोणाला विचारणार? सरकारी जागा आहे, कागद आपल्या नावावर आहे, मोकळा कातळ आहे. पाऊस काय आपल्यासाठी थांबणार आहे? त्याचं चुकीचं नव्हतं. त्याची दोन लहान मुलं त्या भेगेखाली झोपत होती. बाई म्हणाल्या, सड्याच्या पलीकडच्या अंगाला झोरे धनगरांची घरं आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी कुदळ मारू देणार नाही.

मग भागोजी काका बोलायला उठले. वाडीतले सर्वांत वयस्क. धर्मांतर झालं तेव्हा ते लहान होते, पण गावकीची जुनी कामं त्यांनी आपल्या बापाला करताना पाहिली होती. ते फार हळू बोलले.

‘बाय, गावात पालखी निगाली की पयला मान ह्येचा, दुसरा त्येचा. आपला नंबर कंदी आला नाय. मंग आपन ती रांगच सोडली, ब्येस केलां. पन आता नवी जागा गावलीय. हितं आमच्या आदी कोन नव्हता, ह्ये मला मरायच्या आदी येकदा म्हनू दे ना.’

बाई खिडकीकडे बघत राहिल्या, पण मुलांना गप्प करायला बघायच्या तसं नाही. सभा तशीच उठली. घाटी उतरताना त्या मला म्हणाल्या, ‘सर, काकांचं खरं आहे. मला फार वाईट वाटतंय. पण आपल्याला गावाच्या कडेला ठेवताना कोणी विचारलं नव्हतं, ते मला विसरता येत नाही. आता मीच न विचारता कोणाच्या दारात जाऊन बसू?’

दुसऱ्या दिवशी त्या छत्री घेऊन एकट्याच सड्यावर गेल्या. तिथे त्यांचं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की धोंडू झोरे भले माणूस आहेत, ताक दिलं, आणि कुदळ मारायच्या दिवशी येतो म्हणाले. मला मात्र त्यांनी आपला बेत सांगून ठेवला. पहिली कुदळ मारायचा मान त्या झोऱ्यांना देणार होत्या. जो आधी आहे त्याच्या हातून सुरुवात. काकांना वाईट वाटेल, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

त्या सकाळी सगळी वाडी सड्यावर जमली. कातळ एवढ्यातच तापायला लागला होता. त्रिसरण झालं, पंचशील झालं. धोंडू झोरे डोक्याला टॉवेल गुंडाळून, काठीवर हनुवटी टेकून एका बाजूला उभे होते. बाईंनी कुदळ घेतली, चालत त्यांच्यापर्यंत गेल्या आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. म्हणाल्या, दादा, इथे तुम्ही आधीचे. पहिला घाव तुमचा. भागोजी काकांनी मान खाली घातली.

झोऱ्यांनी कुदळ घेतली. दांडा बघितला, धार बघितली आणि परत बाईंच्या हातात दिली.

‘कुदळ तुमची तुमीच मारा बाई. मला काय करायची? घरां बांधा, दिवे येतील, आमालाबी सोबत व्हईल. फकस्त ती चुन्याची रेघ म्हशींच्या वाटंवर मारलीया, ती वायच सरकवा.’

सगळ्यांनी रेघेकडे बघितलं. वाट कुठे दिसत नव्हती. मग झोरे काठीने दाखवत चालायला लागले आणि आम्ही मागून. तेव्हा दिसलं. कातळ एका पट्ट्यात जरा गुळगुळीत होता, खोलगट होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुरांनी झिजलेला. तो पट्टा आखलेल्या भूखंडांच्या मधोमध जात होता आणि पुढे एका सपाट खोलगट जागेपाशी संपत होता. ती तळी. उन्हाळ्यात तिथे नुसती सुकलेली माती. पावसात ती भरते, सडाभर गवत वाढतं आणि झोऱ्यांच्या म्हशी सगळा पावसाळा आणि पुढे थंडी संपेपर्यंत तिथेच असतात. झोरे म्हणाले, तुम्ही घरं बांधलीत तरी म्हशी याच वाटेने जाणार. त्यांना कागद वाचता येत नाही. तुमच्या पडवीतून जातील.

हसायला सुरुवात सुनीलने केली. मग तोच म्हणाला की आम्ही जन्मभर या सड्याच्या खाली राहिलो, पण पावसात कधी वर आलो नाही. पावसात सगळे खाली, लावणीला. वर यायचं ते मे महिन्यात, क्रिकेट खेळायला. उन्हाळ्यात बघितलेला कातळ आम्ही मोकळा समजलो.

मोजणीवालेही उन्हाळ्याच्या तोंडालाच आले होते. पण पायथ्याशी जन्म काढून ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे.

बाई हातात कुदळ घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांनी मोठ्या मनाने मान द्यायला काढला होता आणि समोरच्याला तो नकोच होता, त्याला वाट हवी होती. मला वाटलं, आता या रडतात की काय. पण त्या हसल्या, तेच मोठं हसू. ‘दादा, किती सोडू वाट?’

झोऱ्यांनी दोन्ही हात पसरले. ‘दोन म्हशी अंगाला अंग लावून जातील, येवडी.’

मग बाई भागोजी काकांकडे वळल्या आणि कुदळ त्यांच्यापुढे धरली. काका, पहिला घाव तुमचा. काका म्हणाले, ‘आदी वाट आखा. मंग मारतो.’ दोऱ्या आणल्या गेल्या, चुना आणला गेला. दोन्ही म्हाताऱ्यांनी दोरीची दोन टोकं धरली. वाट आखून झाल्यावर काकांनी कुदळ उचलली. आमच्या आधी कोण नव्हता, हे म्हणायची त्यांची इतक्या वर्षांची इच्छा होती आणि सगळी वाडी ऐकायला उभी होती. काका झोऱ्यांकडे बघून एवढंच म्हणाले, ‘वायच मागं सरका, ढपला उडंल.’ आणि घाव घातला.

हे सगळं गोड वाटतं, पण पुढचे दिवस गोड नव्हते. भूखंड नव्याने आखायचे म्हणजे पुन्हा कचेरी, पुन्हा सह्या. काम रखडलं. ढग यायला लागले तरी निम्म्या घरांवर पत्रे नव्हते आणि वाडीतल्या बायका बाईंच्या तोंडावर बोलायला लागल्या होत्या. बाईंना झोप येत नव्हती. मला फोन करून म्हणाल्या, ‘सर, माझ्या विचारण्यापायी उशीर झाला आणि कोणाचं बरंवाईट झालं तर मी काय तोंड दाखवू?’ मी म्हटलं, बाई, तुम्ही बरोबर केलंत. त्या म्हणाल्या, बरोबर केलं म्हणून डोंगर थांबतो का?

पाऊस धरायच्या आत सगळे कसेबसे वर गेले. गिलावा नाही, फरशी नाही, खिडक्यांना गोणपाट. आषाढात एका दुपारी डोंगराचा तुकडा सुटला आणि रिकाम्या वाडीतली वरच्या अंगाची घरं मातीखाली गेली. त्यात बाईंच्या दोन खोल्याही होत्या. माणूस एकही नव्हतं. संध्याकाळी झोऱ्यांच्या घरून ताक आलं, ते बाई प्यायल्या आणि मग रडल्या, असं सुनीलने मला सांगितलं.

नव्या आखणीत बाईंचा भूखंड वाटेत गेला होता. आधी तो पश्चिमेच्या कडेला होता, तिथून खाडीचं मुख दिसायचं. बदली मिळाला तो मधला. खिडकीतून फक्त म्हशींची वाट दिसते. मी हळहळलो तर म्हणाल्या, खाडी शाळेत असताना पुष्कळ बघितली.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते श्रावणातल्या एका सकाळी. सडा ओळखू येत नव्हता. गुडघाभर गवत, त्यात निळी-पिवळी फुलं, तळी काठोकाठ. बाई खंगल्या होत्या, खोकला होता, पण मला पोचवायला गाडीपर्यंत येतेच म्हणाल्या. आम्ही वाटेने निघालो आणि समोरून म्हशी आल्या. बाई चटकन बाजूला झाल्या, कोणाच्या तरी गडग्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी छत्री मिटली. पाऊस चांगला लागत होता. मी म्हटलं, भिजाल. त्या म्हणाल्या, छत्री बघून बुजतात त्या. म्हशी एकेक करून त्यांच्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या, मोठ्या, काळ्या, वाफ सोडणाऱ्या, आणि बाई मिटलेली छत्री छातीशी धरून त्यांना वाट देत उभ्या होत्या. केसांतून पाणी गळत होतं. चेहऱ्यावर कुतूहल होतं, वर्गात मूल उत्तर द्यायला उठलं की असायचं तसं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘तुम्ही व्हा पुढे सर. ह्या जाऊ देत, मग मी येते.’ त्याच वर्षी थंडीत बाई गेल्या.

सुनील काल पाटीचा मजकूर न्यायला आला. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यावर एकच ओळ होती. ‘इथे राहायला येण्याआधी तांबे बाईंनी विचारलं होतं.’

त्याने ती बराच वेळ वाचली. मग म्हणाला, ‘सर, वसवली असं नाही घातलंत?’

‘नाही.’

‘लोक विचारतील, काय विचारलं होतं, कोणाला विचारलं होतं?’

‘विचारू देत,’ मी म्हटलं.

त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मला राहवेना. मी विचारलं, कमान नेमकी कुठे बांधताय? तो म्हणाला, वाटेवरच, दुसरीकडून आत यायला रस्ताच नाही. माझा चेहरा बघून त्याला हसू आलं.

‘धोंडूदादांना विचारलंय, सर. रुंदी त्यांनीच सांगितली. दोन म्हशी अंगाला अंग लावून जातील, एवढी.’